दावे आणि दावा

आमच्या सीमाभागात बैलांचा सण दोनदा येतो. ज्येष्ठ पौर्णिमेला येतो तो कर्नाटकी बेंदूर, कन्नड बांधवांची 'कार हुण्णिमे'. आणि आषाढात येतो तो महाराष्ट्रीय बेंदूर. इंदूर-बडोद्याकडच्या वाचकांना श्रावणी अमावास्येचा पोळा ठाऊक असतो, त्यांना ह्या दोन बेंदरांचे नवल वाटेल. पण निपाणी-चिक्कोडीच्या पट्ट्यात कोणत्या घरी कोणता बेंदूर पाळायचा हे त्या त्या घराण्याच्या रीतीवर ठरते, आणि त्यावरून आजवर कोणी भांडल्याचे मी ऐकलेले नाही. शिंगांना हुरमुंज, पाठीवर झूल आणि तोंडात पुरणपोळीचा घास दोन्ही बेंदरांना सारखाच. बैलाला ज्येष्ठ काय आणि आषाढ काय!

सण दोन असावेत ह्यात गंमत आहे. किमती दोन असाव्यात ह्यात मात्र गंमत नाही, आणि आजचा विषय तोच आहे.

2022 साली लम्पी चर्मरोगाची साथ आली. गाईबैलांच्या अंगावर गाठी उठत, ताप भरे, पाय सुजत, जनावर वैरणीला तोंड लावीत नसे. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचण्यात येत होती, कारण ह्या रोगाची स्वतंत्र लस तेव्हा सर्वत्र उपलब्ध नव्हती. गुरांचे बाजार बंद झाले. रोगाने राज्यांची सीमा पाहिली नाही. डास, माश्या आणि गोचिडी ह्यांना 1956 साली झालेल्या राज्यपुनर्रचनेचे ज्ञान नसते. सरकारांना मात्र ते असते. दगावलेल्या जनावरांसाठी कर्नाटक सरकारने जे साहाय्य जाहीर केले ते असे होते: गाईला 20,000 रुपये, बैलाला 30,000, वासराला 5,000. महाराष्ट्र सरकारने जाहीर केले: गाईला 30,000, बैलाला 25,000, वासराला 16,000.

हे आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावेत. दूधगंगेच्या अलीकडे आमचे मलिकवाड-सदलगा, पलीकडे शिरोळ तालुक्यातले दत्तवाड. मध्ये एक नदी, तीही उन्हाळ्यात गुडघाभर. अलीकडची गाय मेली तर वीस हजार, पलीकडची मेली तर तीस. अलीकडचा बैल मेला तर तीस हजार, पलीकडचा मेला तर पंचवीस. कर्नाटकाच्या हिशेबात नांगर मोठा ठरला आणि महाराष्ट्राच्या हिशेबात चरवी! एखाद्या राज्याने सरसकट जास्त दिले आणि दुसऱ्याने सरसकट कमी दिले असते, तर एक उदार आणि एक कंजूष म्हणून आपण मोकळे झालो असतो. आम्हा सीमावासीयांना तसे म्हणण्याची सवयही आहे. पण इथे ती सवय उपयोगी पडत नाही. वासराच्या बाबतीत तर फरक तिपटीहून अधिक. आणि वासरू म्हणजे पुढची गाय, हे दोन्हीकडच्या मंत्रिमहोदयांना कोणी सांगावयास हवे होते असे नाही.

ह्या तफावतीचे मूळ कळण्यासाठी थोडे नियमांत शिरावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये, कारण पुढचे सारे ह्या नियमांच्या शब्दांवरच उभे आहे. पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तींत जे साहाय्य मिळते ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. कर्नाटक-महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या बाबतीत त्यातले पंचाहत्तर टक्के केंद्राचे, पंचवीस टक्के राज्याचे. कोणत्या नुकसानीला किती द्यावयाचे ह्याचे दर केंद्र ठरवते. 2019 च्या महापुराच्या वेळी जे दर लागू होते त्यांत दुभत्या गाई-म्हशीला 30,000 रुपये, शेळी-मेंढीला 3,000, ओढकामाच्या बैलाला 25,000, वासराला 16,000 असे होते. ऑक्टोबर 2022 मध्ये ते वाढवून दुभत्या जनावराला 37,500, शेळीला 4,000, बैलाला 32,000 आणि वासराला 20,000 करण्यात आले. लम्पीच्या वेळी महाराष्ट्राने दिलेले आकडे हे जुन्या आपत्ती-दरांशी तंतोतंत जुळतात. कर्नाटकाने आपले आकडे निराळे बांधले.

ह्या दरांच्या खाली एक वाक्य आहे. साहाय्य हे 'आर्थिकदृष्ट्या उत्पादक' जनावरांच्या प्रत्यक्ष हानीपुरतेच मिळेल. आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन मोठी दुभती जनावरे किंवा तीस लहान, अथवा ओढकामाची तीन मोठी किंवा सहा लहान, एवढीच मर्यादा राहील, मग त्या कुटुंबाची हानी कितीही अधिक झालेली असो.

मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवत आलो आहे, त्यामुळे विशेषणाकडे माझे लक्ष आधी जाते. 'उत्पादक' हे विशेषण गोठ्यात नेऊन पाहावे. गोठ्यात एक म्हैस दुभती आहे, ती उत्पादक. दुसरी भाकड आहे, पण तीन महिन्यांनी विणार आहे. ती आज उत्पादक आहे की नाही? एक कालवड आहे, पहिल्या वेताची गाभण. तिला वासरू म्हणावे तर ती वासरू राहिलेली नाही, दुभती म्हणावे तर अजून दुभती झालेली नाही. दर वासराचा लावला की घरधन्याचे चौदा हजार गेले, आणि ते गेले एका शब्दाच्या अर्थावरून. आणि एक म्हातारा बैल आहे, पंधरा वर्षे नांगराला जुंपलेला, आता दारात नुसता रवंथ करीत बसणारा. त्याला तर कोणताच रकाना नाही. पंचनाम्याला आलेला तलाठी (इकडे त्याचे अधिकृत कन्नड नाव वेगळे आहे, पण लोक अजून तलाठीच म्हणतात) माणूस असेल तर ह्या साऱ्यांतून वाट काढतो. तो घाबरट असेल तर काढत नाही. नियमाने त्याच्यावर टाकलेले ओझे मोठे आहे, आणि पुढच्या हिशेब-तपासणीत जाब त्यालाच द्यावा लागतो. त्यालाच सारा दोष देण्याचा माझा उद्देश नाही.

तीन जनावरांच्या मर्यादेविषयीही एकतर्फी बोलता येणार नाही. निधी आटोपशीर असतो. पन्नास म्हशींच्या धंदेवाईक गोठ्याने तो एकट्याने उचलावा आणि एका म्हशीच्या विधवेला काही उरू नये, हे कोणाला आवडेल? परंतु आमच्याकडे तीन भावांचे एकत्र खटले अजून नांदते आहे. एक चूल, एक रेशनकार्ड, गोठ्यात नऊ जनावरे. पुरात पाच गेली तर कागदावर ते एक कुटुंब, म्हणून तिघांचे पैसे. शेजारच्या घरातल्या भावांनी गेल्याच वर्षी भांडून कार्डे वेगळी केली. त्यांची पाच गेली तर पाचांचे पैसे. सरकारला असे काही सुचवायचे नसेल, पण भाऊबंदकीला मिळणारे उत्तेजन मिळायचे ते मिळतेच.

आता 2019 च्या ऑगस्टाकडे वळू. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा साऱ्या एकदम फुगल्या. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर आले. तेच पुन्हा 2021 च्या जुलैत झाले. कारदगा, मांगूर, भोज, बारवाड, कुन्नूर, हुन्नरगी ह्या नदीकाठच्या गावांची नावे ज्यांनी त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत वाचली असतील त्यांना अधिक सांगावयास नको. सरकारी शाळांच्या इमारती अशा वेळी आसऱ्याची जागा होतात, आमचीही झाली. त्या दिवसांत मी पाहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नाव दारात लागलेली असताना माणसे घर सोडायला तयार होत नव्हती. म्हातारी माणसे तर मुळीच नाही. कारण विचारले की उत्तर एकच: 'जनावरांचं काय?' माणसांसाठी वर्गखोल्या होत्या, भात-आमटी होती, चादरी होत्या. गुरांसाठी पटांगण होते, आणि वैरण नव्हती. कडब्याच्या गंजी पाण्याखाली गेल्या होत्या. पुष्कळांनी शेवटच्या क्षणी एकच केले. गोठ्यात शिरून दावी कापली आणि जनावरे मोकळी सोडली, ती पोहून कुठे तरी उंचवट्याला लागतील ह्या आशेने. काही लागलीही. काही दोन कोसांवर दुसऱ्याच गावच्या माळावर सापडली. काही सापडली नाहीत.

जी सापडली नाहीत त्यांच्यापाशी कायद्याचा आणि व्यवहाराचा खरा तिढा आहे. पंचनाम्याला मृत जनावर लागते. गुरांच्या डॉक्टराने ते पाहावे, शवविच्छेदन करावे, दाखला द्यावा, तलाठ्याने नोंद घ्यावी, पंचांनी सह्या कराव्यात, मग रक्कम खात्यात. खुंट्याला बांधलेले जनावर गोठ्यातच बुडून मेले तर हे सारे शक्य आहे. ज्याने दावे कापले त्याच्याकडे दाखवायला कापलेले दावे तेवढे उरते. म्हणजे ज्याने जनावराचा जीव वाचवण्याचा प्रयत्न केला त्याचा दावा कच्चा, आणि ज्याला तेवढीही उसंत मिळाली नाही त्याचा पक्का. शब्दकोशात 'दावे' आणि 'दावा' शेजारी शेजारी बसतात, व्यवहारात त्यांची अशी गाठ पडेल असे मला वाटले नव्हते.

अशीच एक बाई माझ्याकडे कागद घेऊन आली होती. गावाचे नाव सांगत नाही. म्हैस वाहून गेली, मागे रेडकू राहिले. एका कार्यालयातून तिला कन्नडमध्ये चार ओळींचे पत्र मिळाले होते, ते वाचून घ्यायला ती आली होती. सीमाभागातल्या मराठी मास्तराला कन्नड येते, आणि पुराच्या वर्षी त्याचा निम्मा वेळ शिकवण्यापेक्षा वाचून दाखवण्यात जातो. पत्राचा आशय एवढाच होता की पुराव्याअभावी विचार करता येत नाही. ती म्हणाली, 'सर, पुरावा म्हंजे काय, तिची धार मी रोज काढत हुते न्हवं?' तिला सहा महिन्यांनी काही मिळाले की नाही ह्याचा उल्लेख मी करीत नाही. तिच्या त्या बोलण्यात मात्र पुराव्याचे जे उत्तर दडलेले होते ते मला पुढे सुचले.

कारण त्या म्हशीचे दूध रोज सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत जात होते. तिथे माप होते, फॅट लागते, पुस्तकात नोंद होते, दर दहा दिवसांनी बिल निघते. एखाद्या जनावराच्या आयुष्याची इतकी काटेकोर दैनंदिनी माणसाचीही कोणी ठेवत नाही. फॅट सहा-सातच्या घरात असेल तर ते दूध म्हशीचे, साडेतीन-चारच्या घरात असेल तर गाईचे, हे संस्थेचा सेक्रेटरी न पाहता सांगतो. ऑगस्टच्या एका सकाळपर्यंत त्या खात्यावर दोन वेळचे दूध येते, आणि त्या दिवसानंतर एकदम बंद होते किंवा निम्म्यावर येते. तिकडे जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी क्रमांक असतो, आणि लसीकरणाच्या वेळी तो क्रमांक मालकाच्या नावाने सरकारच्याच यंत्रणेत नोंदलेला असतो. दूध संस्थेचे पुस्तक, बिल्ल्याचा क्रमांक आणि शेजारच्या दोन घरांची साक्ष, ही तीन जुळली तर शव न सापडताही हानी मानायला हरकत नसावी. कोणी म्हणेल, लोक म्हशी विकतील आणि वाहून गेल्या म्हणून सांगतील. काही सांगतीलही. पण विकलेल्या म्हशीचे दूध दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेत सुरू होते, आणि तिचा बिल्ला कानातच असतो. लबाडी पकडण्याचे साधनही त्याच पुस्तकात आहे.

अमेरिकेत गुरे पाळणाऱ्यांसाठी अशाच आपत्तींत नुकसानभरपाईची एक योजना आहे. तीत ठरावीक आकडा नसून जनावराच्या सरासरी बाजारभावाचे पंचाहत्तर टक्के धरतात, आणि शव किंवा कागद नसल्यास त्या व्यवहारात हितसंबंध नसलेल्या त्रयस्थाची लेखी साक्षही चालते. तो देश श्रीमंत आहे, आपण त्याची बरोबरी करू नये, हे मला मान्य आहे. मी रकमेविषयी बोलतच नाही. टक्केवारी आणि साक्ष ह्या दोन गोष्टींना श्रीमंती लागत नाही. आज आमच्या बाजारात चांगली दुभती म्हैस लाखाच्या खाली मिळणे कठीण; तीस किंवा साडेसदतीस हजारांत तिचा मागचा अर्धा भागही येत नाही. त्याच 2019 साली कर्नाटक सरकारने पूर्ण कोसळलेल्या घराला पाच लाख रुपये देऊ केले, ही गोष्ट चांगलीच झाली. पण ज्यांचे घर उभे राहिले आणि गोठा रिकामा झाला त्यांची मिळकत त्या गोठ्यातच होती.

आणि ही मिळकत बहुतेक घरांत बाईच्या हातची असते. शेण काढणे, वैरण टाकणे, धार काढणे तिच्याकडे. दहा दिवसांच्या बिलातून मुलांच्या वह्या, तेल-मीठ, औषधपाणी तीच भागवते. उतारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे, बँकेचे खाते त्याचे, बिल्ल्यावरचे मालकाचे नाव त्याचे. साहाय्य आले तर त्या खात्यात येते, तिथून ते सोसायटीच्या थकबाकीत वळते, आणि म्हैस पुन्हा दारात येतच नाही. कित्येक घरांत 2019 नंतर दूध घालणे थांबले ते थांबलेच. आमच्या शाळेत त्याची जाणीव आम्हांला वह्यांच्या रूपाने होते.

ह्या संदर्भात एक जुने पत्र आठवते. मराठी घेऊन एम.ए. होणाऱ्याला ऐतिहासिक कागदपत्रे वाचावी लागतात, त्यांतले हे एक. 5 सप्टेंबर 1676 रोजी शिवाजी महाराजांनी मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत ह्याला ते लिहिले. त्याचा आशय असा की, गावोगाव फिरून कुणब्यांना गोळा करावे. ज्याच्या अंगी कष्टाची ताकद आहे पण बैल-नांगर नाही, पोटाला दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसा आणि खायला धान्य द्यावे. पुढे वसुली करताना व्याज न लावता, त्याला तवाना होऊ देऊन, मुद्दल तेवढे हळूहळू घ्यावे. ह्या पत्राकडे भक्तिभावाने पाहणारे पुष्कळ आहेत. मला त्यातला एक व्यवहार महत्त्वाचा वाटतो. सुभेदाराने गावोगाव जायचे आहे. कुणब्याने सुभ्याच्या ठाण्यावर कागद घेऊन यायचे नाही. दुसरे म्हणजे, दिलेली रक्कम ही मेलेल्या बैलाची किंमत नाही, ती पुढच्या बैलाची सोय आहे. इंग्रजांनीही 1883 आणि 1884 च्या कायद्यांनी तगाईची कर्जे दिली, त्यांत बैल घेण्यासाठीचे कर्ज होते. बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता, तेव्हा आमच्या आजोबा-पणजोबांपैकी अनेकांच्या गोठ्यात तगाईचा बैल उभा राहिलेला आहे. तगाईत कर्जबाजारीपणाही होता, त्याचे मी गोडवे गात नाही. परंतु रक्कम दारात बैल यावा म्हणून दिलेली असे, आणि तिचे नाव 'सहानुभूती' नसे.

कागदांच्या भाषेचा मुद्दा इथे टाळता येत नाही, जरी त्यावरून आपल्याकडे सभा लवकर तापते. 1956 सालीच केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे निवेदन काढले त्यात, ज्या भागात अशी लोकसंख्या पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत निघाव्यात, असे म्हटले आहे. सीमाप्रश्न न्यायालयात आहे, त्याचा निकाल जेव्हा लागेल तेव्हा लागेल. पुराच्या साहाय्याचा अर्ज कन्नडबरोबर मराठीतही छापण्यासाठी त्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या म्हातारीने कशावर अंगठा उठवला हे तिला कळावे, एवढ्यापुरतीच ही मागणी आहे, आणि कन्नड शेतकऱ्याचा तीत एक पैचाही तोटा नाही. दत्तवाडकडे एखादे कन्नड घर असेल तर त्यालाही हाच न्याय लागू व्हावा.

हे सारे वरच्या पातळीवर व्हावयाचे ते होवो. तोवर आपल्या हातातले थोडे सांगतो. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना आम्ही एक काम दिले. घरच्या प्रत्येक जनावराच्या कानातला बारा आकडी क्रमांक स्वतः वाचून उतरवून आणायचा, त्यासमोर जनावर, वय, कितवे वेत, गाभण की दुभते, अंगावरची खूण, आणि दूध संस्थेतला खाते क्रमांक लिहायचा. सारे मराठीत आणि कन्नडमध्ये. दोन प्रती करायच्या, एक दूध-पुस्तकात ठेवायची आणि एक शाळेत. त्यासोबत जनावराजवळ घरधनी आणि घरधनीण दोघेही उभे असलेला एक फोटो. मुलांनी हे काम फार हौसेने केले. बिल्ला वाचताना दोघांना लाथा बसल्या. काहींनी जनावरांची नावेही लिहिली, तांबू, हरणी, सर्जा. बिल्ला नसलेली जनावरे किती आहेत हेही त्यातून कळले, आणि ती यादी आम्ही गुरांच्या दवाखान्यात पोचती केली. नदीकाठच्या गावांतल्या आमच्या वाचकांनी आपापल्या शाळेत हे करून पाहावे. मृग लागण्यापूर्वी उरकेल असे काम आहे; एका वर्गाला दोन दिवस पुरतात.